ची३ कुठं चालतं, कुठं अडतं: चिनीतलं पिळणं, रेटणं आणि गर्दी

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर संध्याकाळची खानापूरची गाडी लागली, की दारात एका दमात चार-पाच क्रियापदं घडतात. लोक रेटतात, घुसतात, दाटीवाटीनं उभे राहतात, कुणाचा पाय चेंगरतो, आणि कंडक्टर 'हिंद होग्री, मागं सरका की वो' म्हणून ओरडत असतो. मँडरीन चिनीत या सगळ्याला एक शब्द पुरतो: ची३. ट्यूबमधून टूथपेस्ट काढायला, म्हशीची धार काढायला, पोह्यांवर लिंबू पिळायला तोच. नवा बूट चावत असेल तर तिथंही तोच.

शब्दकोशात त्याच्यापुढं 'पिळणे, दाबणे' असं लिहिलेलं असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कारण लिफ्टचं बटण दाबायला ची३ चालत नाही, आजीचे पाय दाबायला चालत नाही, ओला टॉवेल पिळायलाही सहसा चालत नाही. मराठी शब्दावरून चिनी शब्द शोधायला गेलं की चुकणारच. शब्द बाजूला ठेवून प्रसंग बघायचा.

आधी उच्चार आणि लिहिण्याची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं वाचताना अडेल. अक्षरानंतरचा आकडा म्हणजे स्वराची चाल. १ म्हणजे वरच्या पट्टीत सपाट. २ म्हणजे खालून वर, आपण आश्चर्यानं 'काय?' विचारतो तसा. ३ म्हणजे खाली दबलेला. ४ म्हणजे वरून धाडकन खाली, एखाद्याला 'चल!' म्हणून दटावतो तसा. आकडा नसेल तर अक्षर हलकं उरकायचं.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. रोमन लिपीत चिनी लिहायच्या पिनयिन पद्धतीत हा शब्द 'जे' आणि 'आय' या अक्षरांनी लिहितात, म्हणून बरेच जण 'जी' म्हणतात. ते चूक. हा आवाज म्हणजे आपल्या चहातला च, घोष नाही, श्वास नाही. चुलीतला च चिनीत वेगळा आहे, तो मी टिंब देऊन च़ असा लिहितोय. जीभ मागं वळवून ट च्या जागेवरून काढलेला च म्हणजे ट्ष, त्यालाच श्वास जोडला की ठ्ष. शाळेत श आणि ष मध्ये फरक शिकवला जायचा आणि कुणी पाळायचं नाही. इथं पाळावा लागतो.

आकडा चुकला की काय होतं? ची१ म्हणजे कोंबडी, आणि यंत्रसुद्धा. ची२ म्हणजे घाईचं, तातडीचं. ची४ म्हणजे लक्षात ठेवणं, किंवा टपालानं पाठवणं, किंवा हंगाम. ची३ म्हणजे आपलं पिळणं, शिवाय 'किती'. संदर्भानं बहुतेक वेळा निभावतं, पण भर गर्दीत 'ढकलू नका' म्हणायच्या ऐवजी 'कोंबडी नको' असं ऐकू गेलं तर शेजारचा हसेलच.

आणखी एक: तिसऱ्या चालीची दोन अक्षरं लागोपाठ आली, की पहिलं दुसऱ्या चालीत जातं. 'खूप गर्दी' हे लिहायला हन३ ची३, बोलायला हन२ ची३. दूध काढणं लिहायला ची३ नाय३, बोलायला ची२ नाय३. हा शब्द इतक्या तिसऱ्या चालीच्या शेजाऱ्यांबरोबर फिरतो, की हा नियम तोंडात बसला नाही तर रोजचं निम्मं वाक्य बेसूर होतं. पुढं मी लेखी आकडेच देतोय.

आता कसोटी. ची३ वापरायचं तेव्हा जागा अरुंद असली पाहिजे आणि त्या अरुंद जागेतून काहीतरी बाहेर, आत किंवा बाजूला जायला धडपडत असलं पाहिजे. ट्यूबचं तोंड अरुंद, पेस्ट बाहेर. बसचं दार अरुंद, माणूस आत. बूट अरुंद, बोटांना जागा नाही. नुसता दाब आहे पण दाटी नाही, तिथं ची३ नाही. बटण दाबताना काही कुठून निसटत नाही, म्हणून ते बाद. या एका प्रश्नावर दहातली आठ वाक्यं बरोबर येतात, उरलेली दोन सवयीनं.

गर्दीपासून सुरू करू, कारण बोलण्यात हाच अर्थ जास्त भेटतो. इथं ची३ विशेषणासारखं वागतं आणि मराठी माणूस नेमका इथं घसरतो. आपण 'बसमध्ये गर्दी आहे' म्हणतो, म्हणजे गर्दी हे नाम आणि 'आहे' हे क्रियापद. चिनीत 'आहे' लागतच नाही. ठ्षऽ१ षांग४ हन३ ची३: गाडी, वर, खूप, दाट. झालं वाक्य. मध्ये 'आहे' साठीचं षि४ घातलं की वाक्य परदेशी वाटतं. 'फारच गर्दी झाली' ला थाय४ ची३ ल. गर्दी नाही, तर पू४ ची३.

नकाराकडे जरा थांबून बघा. पू४ ची३ म्हणजे गर्दी नाही, मोकळं आहे. पण मेइ२ ची३ म्हणजे ढकललं नाही. मागच्यानं डोळे वटारून पाहिलं आणि तुम्हाला 'मी नाही हो रेटलं' म्हणायचं असेल तर वो३ मेइ२ ची३ नी३. तिथं पू४ म्हटलं तर 'मी तुला रेटणार नाही' अशी प्रतिज्ञा होते. मनाई करायची तर प्ये२ ची३, 'ढकलू नका'.

एखादी जागा माणसांनी खच्चून भरलीय असं सांगायचं तर आधी जागा, मग ची३ मान३ ल, मग माणसं. मान३ म्हणजे भरलेलं. गणपती विसर्जनाच्या रात्रीचा रस्ता डोळ्यांपुढं आणा: लू४ षांग४ ची३ मान३ ल रन२, रस्त्यावर खच्चून माणसं. आपल्या मराठीतही 'रस्ता माणसांनी फुलून गेला' मध्ये जागाच आधी येते, त्यामुळं हा साचा जड जात नाही. कोपऱ्यात, एकमेकांना खेटून बसलेल्यांसाठी ची३ च़ाय४ यि४छी३, म्हणजे एकत्र दाटून. हेच कामांनाही लागतं: तपासणी, लग्न आणि पेरणी एकाच आठवड्यात आली, तर कामं एकाच जागी 'ची३' झाली असं म्हणतात.

तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवायचं असेल तर आपण 'वाईच सरका' म्हणतो, कानडीत 'स्वल्प सरीरी'. चिनीत ता४च्या१ ची३ यि ची३. ता४च्या१ म्हणजे सगळेजण, आणि क्रियापद मध्ये 'एक' घालून दोनदा म्हटलं की आज्ञेची धार जाते, 'जरासं' हा भाव येतो. मात्र वाट मागताना हा शब्द नको. पुढं जायला वाट हवी असेल तर रांग४ यि२श्या४, 'जरा वाट द्या', एवढंच म्हणावं.

आता क्रिया. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला इथं एक फायदा आहे आणि तो पुस्तकात कुणी सांगत नाही. मराठीत आपण 'पिळून काढतो', कानडीत 'हिंडी तेगी' म्हणतो. दोन्हीकडं आधी कृती, मग तिचा परिणाम. चिनीतही क्रम हाच: ची३ ठ्षू१लाय२, पिळून बाहेर. फक्त 'ऊन' सारखा प्रत्यय नाही, दोन तुकडे नुसते शेजारी ठेवायचे. घुसून आत जाणं, ची३ चिन४छ्यू४. रेटत गाडीत चढणं, ची३ षांग४ ठ्षऽ१. पिळून कोरडं करणं, ची३ कान१. दाबून फुटणं, ची३ फो४.

शक्य-अशक्य सांगायचं तर याच जोडीच्या मध्ये एक अक्षर सरकवायचं. ची३ त चिन४छ्यू४, घुसता येईल. ची३ पु चिन४छ्यू४, घुसता येत नाही. 'शकणे' साठी वेगळं क्रियापद शोधत बसू नका, नंग२ घालून केलेलं वाक्य अवघडलेलं वाटतं. बराच वेळ धडपडूनही आत शिरता आलं नाही, हे ची३ ल पान४थ्येन१ ये३ मेइ२ ची३ चिन४छ्यू४. यात ची३ दोनदा आलंय, आणि दोन्हीची गरज आहे: एकदा किती वेळ रेटलं ते सांगायला, एकदा काय निष्पन्न झालं ते सांगायला.

जागेचं नाव कुठं ठेवायचं, यात हमखास चूक होते. 'गाडीत घुसला' साठी ची३ चिन४छ्यू४ ला शेवटी गाडी जोडली तर चूक. गाडी चिन४ आणि छ्यू४ च्या मध्ये बसते: ची३ चिन४ ठ्षऽ१ ली३ छ्यू४. कारण असं, की चिन४ सांगतं आत, आणि छ्यू४ सांगतं बोलणाऱ्यापासून दूर. 'कशाच्या आत' हे 'आत' ला चिकटून यायला हवं. वस्तू असेल, म्हणजे पेस्ट, पाणी, पू, तर एवढी सक्ती नाही, ती शेवटीही चालते.

ठरावीक वस्तूवर काहीतरी करून तिचं काय झालं हे सांगायचं तर वस्तूच्या आधी पा३ येतो. पा३ या२काओ१ ची३ ठ्षू१लाय२, पेस्ट पिळून काढ. या२काओ१ म्हणजे शब्दशः दातांचं मलम. पा३ घातल्यावर क्रियापद उघडं सोडायचं नाही, मागं काहीतरी परिणाम हवाच. नुसतं पा३ या२काओ१ ची३ हे वाक्य अर्धवट लटकतं. उलट बाजूला पेइ४ आहे, आपल्यावर झालेल्या गोष्टीसाठी: वो३ पेइ४ ची३ श्या४ ठ्षऽ१ ल, रेटारेटीत मी गाडीतून खाली उतरवला गेलो. कुणी रेटलं ते सांगायची गरज नाही, गर्दीला नाव नसतं.

बूट चावण्याचं वाक्य सुटसुटीत आहे: ट्षऽ४ ष्वांग१ श्ये२ यौ३त्येन३ ची३ च्याओ३, हा जोड जरा पायाला दाबतो. च्याओ३ म्हणजे पाऊल. हे चपलेच्या दुकानात कामाला येतं. घट्ट शर्टाला मात्र ची३ लावत नाहीत, तिथं चिन३, म्हणजे घट्ट.

आता जवळचे भाऊबंद, कारण चुका बहुतेक इथंच होतात. चिनी अक्षर लिहिताना डावीकडचा तुकडा बघायची सवय लावली तर निम्मं काम होतं. ची३ च्या अक्षरात डावीकडं हाताचं चिन्ह आहे, उजवीकडं छी२ नावाचा तुकडा, जो नुसता आवाजाचा इशारा देतो. बटण दाबायचं आन४, चिमटीत धरायचं न्ये१, टॉवेल पिळायचं निंग२, यांच्याही डावीकडं हातच. या१, वरून दाबणं, यात तळाला माती आहे. आणि ट्षा४, रस किंवा तेल गाळणं, याच्या डावीकडं लाकूड आहे, उजवीकडं 'अरुंद' या अर्थाचं अक्षर. लाकडी घाण्याचं चित्रच म्हणा.

म्हणून उसाचा रस हा ट्षा४ चा प्रांत. रसवंतीच्या चरकात कांडं घातलं की ते ट्षा४ ट्षि१, रस गाळणं. मिक्सरसारखं रसाचं यंत्र ट्षा४ट्षि१ची१, शेवटचा ची१ तोच यंत्रवाला. शेंगदाण्याचं, करडईचं तेल काढणं ट्षा४ यौ२. आपल्याकडं कारखान्याचा गळीत हंगाम म्हणतात, त्याला चिनीत ट्षा४ची४ असा नेमका शब्द आहे. चीनमध्ये सगळ्यात जास्त ऊस दक्षिणेकडच्या ग्वांगशी भागात होतो आणि तिथली मोळीही साधारण नोव्हेंबरातच पडते, त्यामुळं अथणी किंवा चिकोडीच्या ऊसवाल्याला हा शब्द लगेच आपला वाटेल. मोहरीच्या खोडाचं चिनी लोणचं ट्षा४छ़ाय४, तेही पूर्वी लाकडी दाबाखाली पाणी काढून करायचे म्हणून त्या नावाचं.

मग लिंबाचं काय? हातानं पिळलं तर ची३, यंत्रात घातलं तर ट्षा४. दोन्ही ऐकू येतं, पण पोह्यांवर फोड पिळताना ट्षा४ म्हणणं म्हणजे सुईच्या कामाला कुदळ. गंमत म्हणजे लिंबू निंग२मंग२ आणि टॉवेल पिळणं निंग२. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

टॉवेल का वेगळा? कारण तिथं पीळ पडतो. मराठीत आपण कपडाही पिळतो, लिंबूही पिळतो, पण चिनी माणूस वळण बघतो. दोन्ही हात उलट फिरले तर निंग२. स्पंज नुसता मुठीत दाबला तर ची३. वेळेला 'स्पंजातलं पाणी' म्हणायची तिकडं जुनी सवय आहे, म्हणून कामातून वेळ काढणं हे ची३ षि२च्येन१. वो३ मेइ३थ्येन१ ची३ठ्षू१ पान४ क श्याओ३षि२ श्वे२ हान४यू३, मी रोज अर्धा तास काढून चिनी शिकतो. हे वाक्य पाठच करा, शिकणाऱ्याला हमखास लागतं.

वरून भार आला की या१. रस्ता दाबणारा रोलर, दगडाखाली दाबलेलं लोणचं, रक्तदाब श्वे४या१, मानसिक ताण या१ली४, आणि कुकर काओ१या१क्वो१, 'जास्त दाबाचं भांडं'. सोऱ्याबाबत प्रश्न पडतो. केकवाला पिशवीतून क्रीम पिळतो ते ची३. उत्तर चीनमध्ये दांड्याखाली पीठ दाबून शेवयांसारखे नूडल थेट उकळत्या पाण्यात पाडतात, त्याला या१. म्हणजे आपला दांड्याचा शेवयांचा साचा असेल तर या१ कडं झुकावं, मऊ पिशवी हातात असेल तर ची३.

पाय दाबून देणं हे आन४ किंवा आन४मो२, म्हणजे मालिश. मुरूम फोडणं मात्र ची३ तौ४तौ, कारण आतलं बाहेर येतंय. कसोटी इथंही टिकते.

अलंकारिक बाजूला एक सापळा आहे. मराठीत मजुराची 'पिळवणूक' होते, म्हणून ची३ लावायचा मोह होतो. चिनीत पिळवणूक या१ट्षा४ आहे, दाब आणि घाणा एकत्र. ची३ ला दुसरीच कामं आहेत. फाय२ची३ म्हणजे एखाद्याला गटातून हळूहळू बाहेर रेटणं, समोरून भांडण न करता. कार्यालयात, भावकीत दोन्हीकडं चालतं. युंग१ची३ म्हणजे गर्दीचं, पण लेखी वळणाचं: वाहतुकीच्या बातमीत शोभतं, गप्पांत नुसतं ची३ पुरे. ची३त्वेइ४ म्हणजे ठेवी काढायला लोकांची बँकेपुढं उडणारी झुंबड. साधारण तसाच उच्चार असलेला, पण शेवटचं अक्षर हलकं असलेला एक बोली शब्द उत्तरेत आहे, त्याचा अर्थ टोमणे मारून एखाद्याला जेरीस आणणं. ऐकताना या दोघांत गफलत होते.

सगळ्यात रंगतदार वापर टूथपेस्टचाच. एखादा माणूस विचारल्याशिवाय बोलत नाही, एका प्रश्नाला अर्धं उत्तर देतो, तर तो 'टूथपेस्ट पिळतोय', ची३ या२काओ१. आपण म्हणतो तोंडातून शब्द काढावा लागतो, तसं. संगणकवाल्या चिनी तरुणांनी हे एका मोठ्या प्रोसेसर कंपनीलाही चिकटवलंय, दर वर्षी चिमूटभर सुधारणा करते म्हणून. तिचं टोपणनावच टूथपेस्टचा कारखाना. ओढूनताणून आणलेलं हसू ची३ठ्षू१ श्याओ४रुंग२. डोळे मिचकावून, भुवया उडवून खाणाखुणा करणं ची३ मेइ२ नुंग४ येन३. इथं ची३ म्हणजे भुवया आकसणं.

हातानं लिहिणार असाल तर अक्षर ९ फटकाऱ्यांचं आहे, ३ हाताचे आणि ६ उजवीकडचे. तैवानमधलं जुनं रूप १७ फटकाऱ्यांचं, वाचता आलं तरी पुरे. हाताच्या चिन्हातला तिसरा फटकारा खालून वर, डावीकडून उजवीकडं उचलायचा. आपल्या हाताला आडवी रेघ ओढायची सवय असल्यानं तो सपाट पडतो आणि अक्षर बसकं दिसतं. फोनवर नुसतं 'जे-आय' टाइप केलं तर कोंबडी, यंत्र, किती, आठवण सगळं समोर येतं आणि आपलं अक्षर बरंच मागं राहतं. एकटा शब्द टाइप न करता जोडीच टाइप करा, टूथपेस्टसकट किंवा मान३ सकट, मग कीबोर्ड पहिल्याच पर्यायात बरोबर अक्षर देतो.